जीनची पँट आणि भिवापूरची पांढरी चादर

मुलगी पाहायला मी पहिल्यांदा भिवापूरला गेलो, तेव्हा जीनची पँट घालूनच जायचं असा हट्ट धरला होता. ऐंशीच्या आसपासचे दिवस. परदेशी जीनचा भाव ऐकूनच घाम फुटायचा. पण इतवारीच्या बाजारात तिथल्याच माळ्यांवर शिवलेल्या पँटी मिळत. पितळी बटणं, मागे कातड्याचा इंग्रजी शिक्का, थाट सगळा परदेशी आणि दाम देशी.

"रंगाचं काय?" मी दुकानदाराला विचारलं.

"पक्का हाय गा भाऊ. पँट फाटून जाईन, पण रंग नाही जायचा."

आईचा असल्या हमीवर काडीचा विश्वास नव्हता. नवा रंगीत कपडा आधी मिठाच्या पाण्यात, मग अंगावर, हा तिचा कायदा. तिने बादली भरलीसुद्धा. मी पँट हिसकावून घेतली. भिजली की खळ जाणार, आणि त्या कडकपणावरच तर मी भाळलो होतो. ती पँट माझ्याशिवायही उभी राहायची!

"घाल मंग तशीच," आई म्हणाली.

मे महिना, खचाखच भरलेली एसटी. भिवापूरला उतरलो तेव्हा मी घामाने निथळत होतो. मुलीच्या घरी बैठकीत गादी, लोड आणि वर पांढरीशुभ्र चादर. त्या पँटीत मांडी घालणं म्हणजे कसरतच. कसाबसा बसलो. सोबत आलेल्या बाबांनी मात्र अशी नजर फिरवली, जणू मी त्यांचा कोणी लागतच नव्हतो.

थोड्या वेळाने जरा सरकलो आणि खाली पाहिलं. चादरीवर गर्द निळा डाग! तडक पुन्हा त्यावर बसलो. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली आणि बघताक्षणी मला आवडली, म्हणजे संकट दुप्पट झालं. आता हे स्थळ हातचं जायला नको होतं. पोह्यांत मिरची सढळ होती, त्यामुळे तोंड लाल झाल्याचं खापर तरी मिरचीवर फोडता आलं. तिचे वडील तिच्या शिक्षणाचं सांगत होते. मी माना हलवत जागा सांभाळत होतो.

शेवटी निघायची वेळ झाली. सगळे उठले. मी बसलेलाच.

"काहून गा, उठून नाही राहिला?" बाबा म्हणाले.

मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीखालून डोकावणाऱ्या निळ्या कडेकडे. पाण्याचा तांब्या उचलायला ती वाकली आणि तो नेमका माझ्या बाजूला कलंडला. एकच गडबड उडाली. मी उठलो, तिने चादर ओढली, गुंडाळली आणि आत नेली. हसू दाबत होती, ते मला दिसलं.

आठवड्याभरात होकार आला. माझा पक्का समज, पँटीची जादू. लग्नानंतर एकदा ऐटीत विचारलंच, "त्या दिवशी काहून वाचवलं मले?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्याआधी कितीक जण येऊन गेले. सारे लोडाले टेकून मले पाहत. पोहे देताना माझे हात थरथरत. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याहून जास्त भ्यालेलं कोणीतरी समोर बसलं होतं. मले बरं वाटलं."