नत्थुजींची तिरपी भिंत

नत्थुजी काळमेघांनी उभं आयुष्य एसटी चालवली, आणि एसटीच्या ड्रायव्हरला कोणी आडवं आलेलं खपत नाही. बैलगाडी असो, वरात असो, की रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत उभे राहिलेले दोन व्याही असोत, हॉर्नवर हात ठेवला की वाट मोकळी झाली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. अकोला-तेल्हारा रस्त्यावर ते चालूनही गेलं. पण नगररचना ऑफिसात हॉर्न नसतो हो! तिथे एक बाक असतो, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असते, आणि ‘मॅडम साइटवर गेल्या’ असं सांगणारा एक शिपाई असतो. निवृत्तीनंतर निवांत बसायचं, असं नत्थुजींनी ठरवलं होतं. ते बसणं या डुगडुगत्या बाकावर होईल हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मागणी काय, तर अगदी साधी. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली फिजिओथेरपिस्ट झाली, पुण्याच्या एका हॉस्पिटलात लागली. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी अकोल्याले परत येते. खाली दवाखाना टाकू, वर आपण राहू." नत्थुजींना आभाळ ठेंगणं झालं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली पोर. ती शिकायला गेली तेव्हापासून घरात ते आणि त्यांची बायको मैनाबाई, दोघंच एकमेकांच्या चुका काढत बसलेले. पण राहत्या घरात दवाखाना काढायचा तर जागेचा वापर बदलायची परवानगी लागते, आणि तसा नकाशा मंजूर व्हावा लागतो. तिकडे पुण्याचं हॉस्पिटल तिला कायम करायला निघालेलं, आणि त्यांना उन्हाळ्याच्या आत होय की नाही ते हवं होतं. परवानगी आली तर पोर घरी. नाही आली तर ती तिकडचीच होणार आणि दिवाळीला पाहुण्यासारखी मिठाईचा डबा घेऊन येणार. नत्थुजींचा जीव या एका गोष्टीत अडकला होता.

फाइल मात्र अडकली होती कंपाउंडच्या भिंतीत. आधी म्हणाले पार्किंग दाखवा, दाखवलं. मग म्हणाले रॅम्प दाखवा, आर्किटेक्टने तोही काढून दिला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की घराच्या डाव्या अंगाला, घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा पुढच्या टोकाला कमी भरते. नुसतं घर आहे तोवर कोणी पाहिलं नाही, दवाखान्याला चालणार नाही. आग लागली तर बंबाची गाडी आत कशी जाईल? हे ऐकून नत्थुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "याच्याहून चिंचोळ्या बोळीतून मी भरलेली एसटी रिव्हर्समधी काढली हाये!" असं ते बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगू लागले. तो बिचारा जन्मदाखला काढायला आलेला आणि चुकून या मजल्यावर चढलेला. त्याने मुकाट मान डोलावली.

शेवटी आर्किटेक्ट म्हणाला, जागेची खरीच अडचण असेल तर नियमात सवलत मिळते, तसा अर्ज करून पाहू. अर्ज गेला, आणि एक दिवस मॅडम साइटवर न जाता खरोखर खुर्चीवर सापडल्या. वर्षाली मॅडम, इंजिनिअर, वयाने प्रणालीएवढ्याच. त्यांनी नकाशा पसरला.

"काका, सवलत देता येते. प्लॉट वेडावाकडा असला, मधून नाला जात असला, तर. तुमची अडचण काय आहे?"

"भिंत तिरपी हाये मॅडम."

"पण प्लॉट तर चांगला चौकोनी आहे. मोजणीवाल्यांची हद्दीची खूण तर शेजारच्या शेडमध्ये निघाली. शेजाऱ्याने जागा दाबली का? तसं असेल तर तक्रार द्या."

"छे, छे! नबीभाऊ कावून दाबन?"

"मग भिंत तिरपी बांधली कोणी?"

नत्थुजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. "म्या," ते म्हणाले.

"काहून?" मॅडमच्या तोंडून एकदम घरची भाषा निघाली.

"वास्तूसाठी."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "काका, जागेनं केलेल्या अडचणीले सवलत हाये. आपणच करून ठेवलेल्या अडचणीले कुठून देऊ?"

रागवायला समोर कोणी तरी लागतं, आणि इथे बोट फिरून आपल्याच छातीशी येत होतं. घरी जाताना त्यांनी आर्किटेक्टला, मोजणीवाल्यांना आणि एका निरपराध ऑटोवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तरी काही बरं वाटलं नाही.

भिंतीचं झालं होतं असं. नत्थुजींनी आणि कूलर बनवणाऱ्या नबीभाऊंनी हे दोन प्लॉट शेजारी शेजारी, एकाच सुमारास घेतले. घर बांधून झालं आणि कंपाउंड घालायच्या वेळी मैनाबाईंच्या माहेरचे, बार्शीटाकळीचे एक वास्तू पाहणारे महाराज आले. म्हणाले, राहायचा प्लॉट गोमुखी पाहिजे, गाईच्या तोंडासारखा पुढे अरुंद, मागे रुंद. झालं! नत्थुजींनी डाव्या भिंतीचं पुढचं टोक आपल्याच जागेत आत ओढलं आणि सुटलेली पाचर तोंडी बोलीवर नबीभाऊंना वापरायला दिली. त्यामुळे नबीभाऊंचा प्लॉट झाला पुढे रुंद, मागे अरुंद, म्हणजे वाघमुखी. आणि वाघमुखी जागा धंद्याला उत्तम, असं त्याच महाराजांनी जाता जाता सांगितलं. नबीभाऊंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण फुकट आलेला वाघ कोण नाकारतो? एका भिंतीत दोघांचं भलं झालं म्हणून दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. पाचरीवर पुढे टिनाचं शेड चढलं आणि त्यात कूलरच्या जाळ्या नि गवताचे गठ्ठे राहू लागले.

आता तेच शेड काढा म्हणायचं, तेही कूलरचा सीझन तोंडावर असताना. नत्थुजी दोन वेळा नबीभाऊंच्या दुकानापर्यंत जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. तिसऱ्यांदा नबीभाऊच वैतागले.

"नत्थुभाऊ, तुमी मोजणीच्या दिवसापासून चोरावानी कावून फिरून राहिले? जागा तुमची, टिन माह्ये. टिन काय, दोन दिवसांत उचलतो. बच्ची घर आ रही, और तुम हवापानी बता रहे!"

इतकं सोपं होतं तर इतके दिवस उगाच कशाला फिरलो, या विचाराने नत्थुजींना पुन्हा संताप आला. त्याच झपाट्यात ते घरी गेले आणि मैनाबाईंना म्हणाले, "झालं काम. भिंत पाडून सरळ घेतो, नकाशा पास."

मैनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं. "भिंतीले हात लावायचा नाई."

"कावून?"

"कावून म्हणता? भिंत बांधली त्याच्या पुढच्या सालीच प्रणाली झाली. विसरले तुमी?"

नत्थुजी विसरले नव्हते. वास्तूसाठी, असं त्यांनी मॅडमना सांगितलं ते अर्धंच होतं. डॉक्टर झाले, उपासतापास झाले, आणि मग त्या महाराजांनी भिंत सांगितली. आता भिंत राहिली तर पोर पुण्याची, आणि भिंत पाडावी तर मैनाबाईंच्या जीवाला घोर. नत्थुजींनी समजावलं, आरडाओरडा केला, शेवटी उपाशी झोपायची धमकी दिली आणि दोन भाकरी खाऊन झोपले. मैनाबाई हलल्या नाहीत. फोनवर प्रणाली म्हणाली, "आई, राहू दे. मी इकडं सही करून टाकते." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मैनाबाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली. "मी बहिणीकडे बार्शीटाकळीले जातो. जे करायचं ते मी नसताना करा. माह्या डोयासमोर नोका करू."

त्या गेल्या. नबीभाऊंच्या माणसांनी टिन उतरवलं, आणि नत्थुजींनी मजूर यायची वाट न पाहता स्वतःच लोखंडी सब्बल उचलली. या वयात कशाला, असं नबीभाऊ ओरडत राहिले. पण इतक्या महिन्यांचा राग होता, तो बाकाला, शिपायाला, स्वतःला कुणालाच नीट देता आला नव्हता. तो सगळा भिंतीला मिळाला. खांद्यात काही तरी कट्कन झालं तरी ते थांबले नाहीत.

अर्धी भिंत आडवी झाली तेव्हा त्यांनी मान वळवली. मैनाबाई फाटकात उभ्या होत्या, पिशवीसकट. बसस्टँडवरूनच परत फिरल्या होत्या. त्या मलब्यात वाकल्या, एक अख्खी वीट शोधून काढली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "हे फेकू नोका. रॅम्पमधी बसवा. पोरगी रोज तिथूनच आत येईन."

नवी भिंत सरळ उभी राहिली, वर्षाली मॅडम येऊन पाहून गेल्या, आणि उन्हाळा लागायच्या आत परवानगीचा कागद हातात पडला. प्रणालीने पुण्याच्या हॉस्पिटलला ‘नाही’ असं कळवून टाकलं. दवाखान्याला अजून पाटी लागायची होती, तेवढ्यात पहिला पेशंट आला. उजवा हात वर जाईना म्हणून कुरकुरत रॅम्प चढून आलेले नत्थुजी.

"बाबा, खांदा ढिला सोडा," प्रणाली म्हणाली.

"ढिलाच हाये."

"नाई. स्टिअरिंग धरल्यावानी धरून बसले तुमी. सोडा."

तिचा हात खांद्यावर होता. नत्थुजींनी एकदाचा खांदा सोडला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दुखून राहिलं का?" तिने घाबरून विचारलं.

"व्हय," नत्थुजी म्हणाले. "तू दाब."