सुकाणूच्या दांड्याची पेनं

आमच्या घरातल्या पोळपाटाला दोनच पाय आहेत. तिसऱ्याच्या जागी मी बाटलीचं बूच लावते. तो पाय कुठे गेला ते विचारू नका, पालघरच्या कुठल्यातरी साहेबाच्या खिशात असेल. आमचे हे लाकडाची पेनं करतात. नाव दामू, पण ते मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, एरवी आपलं 'हे'. तारापूरच्या एका कारखान्यात लोखंड कातण्यात यांचा जन्म गेला. रिटायर झाले आणि भंगारातून एक छोटी लेथ उचलून आणली. बोईसरच्या आमच्या पडवीत ती बसवली, तेव्हापासून घरातलं लाकूड जीव मुठीत धरून आहे.

काम मात्र बघत राहावं असं, खोटं कशाला बोलू? चौकोनी तुकड्याला मधोमध भोक पाडतात, आत पितळी नळी चिकटवतात, लेथवर चढवून टूल लावतात. सालपटं उडतात आणि बघता बघता लाकूड बोटासारखं गोल होतं. मग बारीक पॉलिश पेपर, आणि शेवटी फिरत्या लाकडाला चपडा लाखेची चिंधी. पण पेन विकताना यांच्या जिभेला जे पॉलिश चढतं, ते त्याहून वरचं. कंपनीच्या खोक्याची फळी असते आणि सांगतात, "शिरगावच्या किल्ल्याच्या दरवाजाचं लाकूड हाय." मी म्हटलं, अवो, पाप लागेल. म्हणाले, "गिऱ्हाइकाला पेन नको असतं सुलू, गोष्ट पायजे असते. पेन मी वर देतो."

तर या गोष्टी एकदा यांच्याच गळ्याशी आल्या, ते सांगते.

माझं माहेर दातिवऱ्याचं. आमच्या घरात रीत अशी, की जुन्या बोटीचा एक तुकडा नव्या बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, बसवायचा, मगच ती पाण्यात घालायची. हल्ली बोटी फायबरच्या झाल्या, तरी तुकडा लाकडाचाच लागतो. बाबा गेले, त्यांची बोट मोडीत निघाली, तेव्हा माझा भाऊ चिंतू सुकाणूचा दांडा घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या घरात उधाणाचं पाणी शिरतं. "ताय, नवी बोट होय तवर सांभाळ," म्हणाला. हातभर सागाचा दांडा, बाबांच्या तळव्याने गुळगुळीत झालेला. कधी फार आठवण आली तर मी तो नुसता हातात धरून बसायचे. एरवी फडक्यात गुंडाळून, आमची जाळ्याची गाठ मारून माळ्यावर.

यंदा आषाढात चिंतूचा फोन आला. "बोट झाली ताय. रविवारी दांडा न्यायला येतो."

मी माळ्यावर चढले. फडकं जागेवर होतं, आत लांबट काहीतरी होतं, पण गाठ बुटाच्या नाडीची. कोळणीच्या घरात असली गाठ कोण मारतं? सोडून बघितलं तर आत बाभळीचा ओंडका.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तिथेच माळ्यावर बसून रडलेही. पण डोळे पुसून खाली आले. जेवायला वाढलं आणि सहज सांगितलं, "चिंतू रविवारी दांडा न्यायला येतोय."

यांचा घास हातातच राहिला. "अस्सं? बरं झालं," म्हणाले, आणि आमटी समजून पाणी भातावर ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून यांची स्कूटर थांबेना. पालघरच्या प्रदर्शनात गेल्या नवरात्रात पेनं विकली होती, ती परत आणायला निघाले होते. पण प्रत्येकाला गोष्ट चिकटवलेली ना! चिंचणीचे एक म्हातारे मास्तर म्हणाले, "किल्ल्याच्या दरवाजाचं पेन परत मागता? मी ते काचेच्या कपाटात ठेवलंय." पालघरच्या एका बाईंना सांगितलं होतं, हे लाकूड जवळ असलं की गुडघे दुखत नाहीत. बाई म्हणाल्या, "खरंच थांबलेत हो, आता कशी देऊ?" तिसरं पेन लक्ष्मी आणणारं होतं, ते जावयाबरोबर सुरतेला गेलं.

शनिवारी रिकाम्या हातांनी आले. ताटातल्या बोंबलाला हात लावला नाही. "सुलू, एक सांगायचं हाय."

"सांगू नका. गाठ बघितली मी. माझ्या बापाचा हात कापून विकलात तुमी."

मान वर केली नाही त्यांनी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लाकूड संपलं, माळ्यावर हे सापडलं. "दांडा हाय हे कळलं तवा अर्धं कातून झालं व्हतं," एवढंच म्हणाले.

रविवारी चिंतू आला, हसत, नवा शर्ट घालून. खिशाला पेन. हे त्या पेनाकडे बघतच राहिले आणि मलाही भाऊबीज आठवली. जेवण झाल्यावर यांनीच ते मेव्हण्याला दिलं होतं, "बर्माचं लाकूड" म्हणून. चिंतूने अख्ख्या कोळीवाड्यात ते मिरवलं होतं.

"चिंतू," हे म्हणाले, "तुझं पेन बर्माचं नाय. तुझ्या बापाच्या दांड्याचं हाय. बाकीचा दांडा मी विकला."

लग्नापासून पहिल्यांदा माणूस खरं बोलला, आणि चिंतू हसला. "पुरे भावजी. दांडा आणा."

यांनी पुन्हा सांगितलं. चिंतूचं हसू गेलं. "विकलात ना? मग तेवढंच बोला. वर आणि ही थाप कशाला?" मग माझ्याकडे वळला. "ताय, तुझ्या भरवशावर ठेवला व्हता मी." एक चप्पल पायात घातलीसुद्धा. तो असा गेला असता तर माझं माहेर तिथेच संपलं असतं.

यांनी सरळ त्याच्या खिशातून पेन ओढलं. पडवीत जाऊन रिफिल काढली, लाकूड लेथवर चढवलं आणि पॉलिश पेपर दाबून धरला. लाख निघाली. लाकूड तापलं.

आणि वास आला. मुशी माशाच्या तेलाचा. बाबा दर पावसाळ्याआधी दांड्याला ते तेल चोळायचे, घरभर वास सुटायचा, आई ओरडायची. यांचं नाक तपकिरीने कधीच गेलेलं, यांना काहीच कळलं नाही, हे आपले पेपर घासतायत. चिंतू एका चपलेवर तसाच आत आला. लेथ थांबली तेव्हा त्याने ते गरम लाकूड मुठीत घेतलं. "बाबा," म्हणाला, आणि मला धरून लहान पोरासारखा रडला.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी आम्ही दातिवऱ्याला गेलो. फायबरवाल्याने नाळेत खाच ठेवली होती. चिंतूने रिफिल परत घातलेलं पेन तिच्यात ठेवलं. वरून आता तो चिकट रस ओतणार, एवढ्यात आमचे हे पुढे झाले.

"रिफिल तेवढी काढून घेऊ? जर्मनीची हाय."

"बोईसर स्टेशनाबाहेरची आहे," मी म्हटलं.

"राहू दे भावजी," चिंतू म्हणाला. "बाबांनी जलमभर अंगठा लावला. आता लिहू दे त्यांना."