दीड बोटाचं तोंड

भूल देणारी माणसं आमच्या जिल्ह्यात मोजकीच. त्यामुळे पिशवी कायम गाडीत आणि मी कायम रस्त्यावर. मालेगावची केस उरकते न उरकते तोच रिसोडचा फोन. आता गुडघे कुरकुरतात, पण ऐकतो कोण?

त्या दिवशी रिसोडच्या एका छोट्या दवाखान्यात वेल्डिंगचं दुकान चालवणारा तिशीतला माणूस होता. हाताच्या हाडावर बसवलेली जुनी धातूची पट्टी काढायची होती. सर्जन म्हणाले, "झोपवून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे."

तसं ते रोजचंच. झोपेचं एकच औषध भरपूर दिलं तर बीपी धाडकन पडतो. म्हणून मी आधी वेदनेचं थोडं देते, गुंगीचं थोडं देते, मग झोपेचं कमी पुरतं. तिन्हींचा मेळ जमला की जबडा सैल पडतो आणि श्वासासाठी घशात बसवायचा मऊ मास्क अलगद सरकतो. पेशंट खोकतसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला आता त्याचा कंटाळा येतो.

"भाऊ, आ करा."

माझं जेमतेम दीड बोट आत गेलं. गाल आतून पांढरे, चामड्यासारखे कडक.

"खर्रा खाता?"

"कवाचा सोडला, मॅडम." शर्टाच्या खिशातून तंबाखू-सुपारीची पुडी डोकावत होती.

मला राग आला. त्या पुडीचा आला, आणि खोटं कशाला बोलू, त्याचाही आला. माझी औषधं स्नायू सैल करतात, कडक झालेली कातडी नाही. हा झोपला, श्वास थांबला आणि मास्क आत गेलाच नाही, तर माणूस डोळ्यांदेखत जायचा. मी सर्जनना नाही म्हटलं.

"काही होत नाही हो," ते म्हणाले.

"होतं तेव्हा डोक्याशी मी उभी असते."

शेवटी काखेत सुई देऊन नुसता हात बधिर केला. तो सगळा वेळ जागा, भेदरलेला. पट्टी निघाली.

बाहेर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. मी चिडूनच म्हटलं, "तुम्ही तरी आधी सांगायचं. आमच्या औषधानं लोकांचा जबडा सैल पडतो, याचा पडणार नाही. जीव गेला असता."

तिनं पुढचं कानावर घेतलंच नाही.

"जबडा सैल कराचं औषध हाय, ताई? मंग घरी द्या ना थोडंसं. जेवणापुरतं. भाकर दुधात चुरून द्या लागते त्याईले, लेकराले देतात तशी."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मी फार थकलेली आहे हे एकदम जाणवलं. मी तिच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तसं औषध नाही, म्हटलं.

तिनं मान हलवली. डबा उघडला आणि भाकर बारीक चुरायला लागली.