पाऊण तास

चिंचवडच्या एका हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून रुजू होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका सकाळी कॅज्युअल्टीतून डॉक्टरांचा फोन आला. सत्तरीचे गृहस्थ, डाव्या कुशीतून पाठीत जाणारी कळ. मुतखडा वाटतोय, पण बीपी कमी आहे, म्हणून शिरेतून डाय देऊन पोटाचा सीटी हवाय.

"क्रिएटिनिनचा रिपोर्ट आलाय?" मी विचारलं. डायचा किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी ही रक्ततपासणी बघायची, असा आमचा नियम होता.

"रक्त आत्ताच पाठवलंय."

"मग येऊ द्या रिपोर्ट."

त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी दोन गुडघ्यांचे एमआरआय वाचले, चहाही घेतला.

त्यांना आणलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. मूळचे लातूरकडचे, भोसरीच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले. "साहेब, लई दुखायलंय," एवढंच म्हणाले. बायको सोबत होती.

"चार दिवस झाले, पोटात काहीतरी उडायलंय म्हणायलेत," ती म्हणाली. "मला वाटलं गॅस असंल."

मी चरकलो. पोटावर हात ठेवला, तर बेंबीच्या वर ठोके लागत होते. टेक्निशियनला म्हणालो, "डाय राहू दे, आधी साधा स्कॅन घे."

काही सेकंदांत चित्र समोर आलं. महाधमनी मोसंब्याएवढी फुगून फुटली होती आणि डाव्या किडनीभोवती रक्त साचलं होतं. डायशिवायही सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या रिपोर्टसाठी थांबायची गरजच नव्हती.

सर्जन धावत आले. पोट उघडलं, पण धमनीला चिमटा लागायच्या आतच ते गृहस्थ गेले.

दुपारी बायकोनं मला व्हरांड्यात गाठलं. "फोटू आधी निघाला असता तर?"

"सांगता येत नाही, मावशी," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. असे कितीतरी रुग्ण लवकर कळूनही हातचे जातात. पण तो पाऊण तास माझ्यामुळे गेला, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं मान हलवली आणि उलट मलाच हात जोडले.

आता असा फोन आला की मी रिपोर्टचं नाव काढत नाही. "लगेच आणा," म्हणतो. सीटीच्या फॉर्मवर त्या गृहस्थांचा पत्ता दिघीचा होता. पुढे दोनदा त्या गल्लीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा गाडीतून न उतरताच परत आलो.