प्रभुभोजनाबाहेरची रुपाबाई

…तर फार वर्षांमागं इंद्रभान नदीच्या पाण्यातच उभा राहिला होता. बाप्तिस्मा घेऊन तो वर आला, अन् बघतो तर काठावर दोन बायका दोन कोरडी धोतरं घेऊन उभ्या! पाळकसाहेब ओल्या अंगानं बघतच राहिले. एक ललिताबाई, लग्नाची. दुसरी रुपाबाई, पाटाची. मूल होईना म्हणून ललिताबाईनंच तिला कुंकू लावून घरात आणलं होतं. रिठद गावात याचं कोणाला नवल नव्हतं.

"इंद्रभान, देवानं आदामाला एकच हव्वा दिली. धाकटीला सोड."

"मंग बायबलातल्या याकोबाले दोन बायका कशा चालल्या, साहेब?"

"तो जुना काळ. ख्रिस्ती घरात एक नवरा, एक बायको."

ललिताबाई भडकली. "सोडाले रुपा काय बकरी हाय? पोटुशी हाय ते!"

शेवटी तडजोड झाली. रुपाबाईनं घरात राहावं, पण प्रभुभोजन, म्हणजे चर्चात येशूच्या नावानं वाटतात तो पोळीचा तुकडा, तिला नाही. एकतीस वर्षं असंच चाललं. भोजनाच्या रविवारची पोळी लाटायची रुपाबाईनं, अन् तुकड्यांचं ताट यायचं ते तिला वगळून पुढं जायचं. इंद्रभान आपला तुकडा मान खाली घालून खायचा. बाई मात्र मागच्या सतरंजीवर पदर सावरून बसलेली.

परवाच्या साली ललिताबाई गेली. यंदा रुपाबाईच्या किडन्या गेल्या. वाशिमच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं, तसा इंद्रभान रडत नव्या पाळकांकडे धावला. "साहेब, मराच्या आंधी तिच्या तोंडात एक तुकडा पडू द्या!"

नवे साहेब तरणे, मऊ बोलणारे. म्हणाले, "तेव्हा फार कठोर वागले, काका. आता आम्ही कोणाचं घर मोडायला सांगत नाही. पण नियम अजून तोच आहे. तुम्ही आता विधुर. रीतसर लग्न लावा, त्याच दिवशी भोजन देतो."

चर्चच्या मंडळीत लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात. दोन रविवार रुपाबाई खाटेवरच होती. इंद्रभान रोज सकाळी आधी तिचा श्वास बघायचा, मग चहा ठेवायचा. तिला एवढंच बोलला, "तिसऱ्या रविवारी तुले भोजन भेटते." पुकारीचं बोलला नाही. पाय सुजलेले, तरी ती हसली. ठेवणीतलं लुगडं काढ म्हणाली. इंद्रभानला वाटलं, जमलं आपलं.

तिसऱ्या रविवारी त्यानं तिला ऑटोतून आणलं, पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीवर बसवलं. पाळकांनी कागद वाचला, "इंद्रभान, विधुर. रुपाबाई, अविवाहित. या विवाहाला कोणाची हरकत असेल त्यानं उभं राहावं."

खुर्ची धरून रुपाबाई उभी राहिली.

"अवं, बस ना!" इंद्रभाननं तिचा पदर ओढला. "काहून उठली? एका तासाचं काम हाय. तुह्या पाया पडतो, बस!"

पाळक खाली उतरून आले. "बाई, तुमचीच हरकत? लग्न नको तुम्हाला?"

"लगन झालं हाय माहं, साहेब. ललिताबाईनं लावलं. माहे तिन्ही बाळंतपनं तिनंच केले. आज तुमी मले अविवाहित लिवसान, तं थे लेकरं कोनाचे, अन् थे बिचारी कोनासाठी राबली? मले भूक हाय, साहेब, लय वर्साची भूक हाय. पन थो कागद फाडल्याबिगर मी तोंड उघडत नाई."