माझ्या तापाचं खापर

कंधारला असताना माझ्या तान्ह्या लेकीची कावीळ उतरत नव्हती. शी खडूसारखी पांढुरकी व्हायची. लंगोट दाखवला की सासूबाई म्हणायच्या, "कोवळं ऊन दे, जाईल. आमची लेकरं बी अशीच पिवळी व्हती."

शेवटी मीच तिला नांदेडला नेलं. सासूबाई आणि नवरा सोबत आले. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पित्ताची नळी बंद झाली आहे. ऑपरेशन लवकर करावं लागेल. हे कशानं होतं ते नक्की ठाऊक नाही. एखाद्या विषाणूमुळे होत असावं अशी शंका आहे. पण यात आईचा दोष नाही."

सासूबाईंनी तेवढा विषाणूच ऐकला. बाहेर येताच म्हणाल्या, "पोटुशी असताना तुला ताप आला व्हता. तूच दिलंस लेकराला."

माझं डोकंच फिरलं. बाकड्यावरच्या लोकांसमोर मी ओरडले, "त्या तापात मला हापशावर कुणी धाडलं? आणि हिला घेऊन उन्हात कुणी बसवलं?" नवरा खाली बघत राहिला. त्याचा मला जास्त राग आला.

हैदराबादला ऑपरेशन झालं आणि लेक वाचली. औषधं चालू आहेत, पण आता अंगणभर पळते. सासूबाई पाहुण्यांना अजून माझ्या तापाचंच सांगतात. मीही पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर येते आणि पाहुण्यांना खरं काय ते सांगते.