बाराचे चाळीस फेरे

आमच्या शाळेची सहल आलापल्लीजवळच्या उपग्रह केंद्रात गेली, तेव्हा कवडूभाऊ पहिल्यांदा नजरेत भरले. मोठ्या तबकडीखाली ते घामाघूम होऊन लोखंडी दांडा फिरवत होते. जवळ गेलेल्या आम्हा मुलांना ते हसून म्हणाले, "हटा बाबू, थांबलो तं उपग्रह खाली पडन!"

हे त्यांना केंद्रातल्या साहेबांनी सांगितलं होतं. रोज बारा वाजता चाळीस फेरे, सुट्टी नाही. बायकोला, ठमाबाईला, साप चावला त्या दिवशीही त्यांनी तिला शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसवलं आणि म्हणाले, "तू हो समोर, मी बाराचे फेरे मारून येतोच." ती दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

पुढे केंद्र बंद झालं. निरोपाच्या जेवणात साहेबांना हसू आवरेना. "कवडू, तबकडी मोटारीवर फिरायची रे! तुझा दांडा कशालाच जोडलेला नव्हता. गंमत केली होती, तर तू अकरा वर्षं फिरवत बसलास!"

सगळी पंगत हसली. कवडूभाऊंचा घास हातातच राहिला.

"साहेब, मंग त्या दिवशी तरी मले काऊन नाई सांगतलं?"

"कोणत्या दिवशी?" साहेबांनी विचारलं.

आता कवडूभाऊ वरोऱ्याला मुलीकडे राहतात आणि कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती शिवतात.